सेकंड हँड गाडी घेताना आधी येणाऱ्या कामांची यादी करा, मग किमतीवर बोला

मी पहिली सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा दोनच गोष्टी बघितल्या होत्या, रंग आणि मीटरवरचा आकडा. चौथ्या महिन्यात चालत्या गाडीत टायमिंग बेल्ट तुटला. मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला, "बेल्ट कधी बदललाय?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं, कारण विकणाऱ्याला मी ते विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलला, वाकलेले व्हॉल्व्ह (इंजिनातल्या झडपा) एका फडक्यावर ओळीने मांडले आणि मला पिस्टन दाखवले, प्रत्येकाच्या डोक्यावर नखाएवढ्या चंद्रकोरीसारख्या खुणा होत्या, म्हणजे जिथे व्हॉल्व्ह येऊन आदळले ती जागा. बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, त्यांची वेळ तो बेल्ट सांभाळतो, बेल्ट गेला की दोघं एकमेकांवर आदळतात. वेळेवर बदलला असता तर एका दिवसाचं काम होतं, पण न बदलल्यामुळे अर्धं इंजिन गेलं.

तेव्हापासून मी स्वतःसाठी बघत असो की घरच्यांसाठी, एक गोष्ट कायम करतो. एक कागद घेतो आणि त्यावर लिहितो की पुढच्या दोन वर्षांत या गाडीची कुठली कुठली कामं निघणार आहेत. खाली जे काही सांगतोय ते सगळं हा कागद भरण्यासाठीच आहे, कारण गाडीची खरी किंमत म्हणजे मागितलेली किंमत अधिक हा कागद.

सुरुवात बजेटपासून. जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. माझा हिशोब असा की बजेटच्या १५ ते २० टक्के बाजूला काढायचे, पहिल्या वर्षाच्या कामांसाठी, आणि उरलेल्यात गाडी शोधायची. हे पैसे वापरले गेले नाहीत तर उत्तमच, पण बहुतेक वेळा वापरले जातात. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल, सगळ्यांचं आयुष्य ठरलेलं असतं आणि लोक बऱ्याचदा मोठं काम येण्याच्या तोंडावरच गाडी विकायला काढतात.

आता मॉडेल. "अमुक गाडी चांगली का?" हा प्रश्न अर्धवट आहे, कारण एकाच नावाच्या गाडीत तीन इंजिनं आणि दोन गिअरबॉक्स असतात आणि त्यातली एखादी जोडी वर्षानुवर्षं त्रास देत नाही तर दुसरी जोडी घेणारा गॅरेजच्या फेऱ्या मारत बसतो. उदाहरण म्हणजे फोर्डच्या फिएस्टा आणि फोकसमधला ड्राय क्लचवाला पॉवरशिफ्ट ऑटोमॅटिक, त्याच्या थरथरण्याच्या तक्रारी कित्येक देशांत झाल्या, पण त्याच गाड्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये घेतलेल्यांना तो त्रास नव्हता. किंवा प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटरचं प्युअरटेक पेट्रोल इंजिन, त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला फिरतो, ऑइलने बेल्ट झिजतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि मग ऑइलचं प्रेशर पडतं. अशा इंजिनाची गाडी घेऊच नये असं नाही, पण बेल्ट तपासलाय किंवा बदललाय याचा पुरावा हवाच आणि ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं पडलेलं हवं. त्यामुळे शोधताना मॉडेलसोबत इंजिन, गिअरबॉक्स आणि वर्ष टाकून शोधा, आणि "छान गाडी आहे" वाल्या कौतुकापेक्षा तेच तेच काय बिघडतंय ते बघा. खिडकीचं बटण बिघडत असेल तर चालून जाईल हो, गिअरबॉक्स बिघडत असेल तर पुढच्या गाडीकडे वळा.

आणि एक मोह टाळा, तो म्हणजे जुनी महागडी गाडी. दहा वर्षांची मोठी लक्झरी गाडी साध्या नव्या गाडीपेक्षा स्वस्तात मिळते तेव्हा डोळे चमकतात, मला कळतं. पण किंमत गाडीची उतरलेली असते, तिच्या पार्टची नाही. एअर सस्पेन्शनचा एक फुगा, एक हेडलाइट, एक गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, हे सगळं अजूनही नव्या महागड्या गाडीच्याच भावाने येतं. घेण्याआधी त्या गाडीच्या पाच पार्टचे भाव काढा, क्लच किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सर्व्हिस, पुढचे शॉकॲबसॉर्बर, ब्रेक डिस्क, हेडलाइट, एसी कॉम्प्रेसर. दहा मिनिटांत समजतं की ही गाडी आपल्याला झेपणार आहे का.

पेट्रोल की डिझेल हे आपल्या रनिंगवर ठरवा. माझी मावशी डिझेल घ्यायला निघाली होती कारण ॲव्हरेज चांगलं. तिचं रोजचं जाणं-येणं मिळून सहा किलोमीटर, महिन्यातून एखादी लांबची फेरी. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो साठलेली काजळी साधारण ६०० अंश तापमानाला जाळून स्वतःला साफ करतो आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं तरी चालावी लागते. तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो कधी तापतच नाही, तुंबतो, आणि बदलायची वेळ आली की ॲव्हरेजमधून वाचवलेलं सगळं त्यात जातं. आकडेमोड पण करून बघा, वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणार असाल तर लिटरला १५ देणारी गाडी १,००० लिटर पिते आणि २० देणारी ७५०, म्हणजे २५० लिटरचा फरक, हा मोठा आहे. पण वर्षाला ५,००० चालवणार असाल तर तोच फरक ८३ लिटरवर येतो आणि तेवढ्यासाठी जास्त किंमत आणि जास्त किचकट इंजिन घेण्यात अर्थ नाही. मावशीने शेवटी साधं नॉन टर्बो पेट्रोल घेतलं.

गाडी बघायला जायच्या आधी कागद मागवा, फोटो पाठवले तरी चालतील. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तारीख आणि किलोमीटर दोन्ही चढत्या क्रमाने वाढत गेलेत का ते बघा, मध्येच दोन-तीन वर्षं काहीच नोंद नाही असं दिसलं तर का ते विचारा. मीटर मागे घेतलेलं असेल तर बहुतेक वेळा इथेच पकडलं जातं. चेसिस नंबर, म्हणजे व्हिन, १७ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात (एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून). तो कागदावर, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीत आणि बॉडीवर ठोकलेला, सगळीकडे तंतोतंत तोच हवा. त्याच नंबरने गाडीवर रिकॉलचं काम, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलवून करायची दुरुस्ती, बाकी आहे का तेही कंपनीकडे तपासा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे आत उडायचे, जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यातल्या काही गाड्या काम न करताच हातोहात विकल्या गेल्या. रिकॉलचं काम सहसा फुकट होतं म्हणून आळस करू नका. गाडीवर कर्ज बाकी नाही ना आणि विकणारा खरंच मालक आहे ना हे तर बघायचंच.

गाडी दिवसाउजेडी बघा, कोरडी असताना बघा आणि इंजिन थंड असताना बघा, ही तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर तळहात ठेवा. एकदा मी सकाळी लवकर एका ठिकाणी गेलो होतो, गाडी स्वच्छ धुतलेली, विकणारे काका म्हणाले रात्रीपासून हात लावला नाही, आणि बॉनेट कोमट लागलं. गरम केलेलं इंजिन पटकन चालू होतं, थंड इंजिनाचा खरा आवाज आणि खरा धूर त्यात लपून जातो. मी काकांना नम्रपणे सांगितलं की उद्या परत येतो, गाडी थंड असू द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच-सहा सेकंदांत पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड आली, टायमिंग चेन (काही इंजिनांत बेल्टच्या जागी असते ती साखळी) सैल झाल्याचं ते लक्षण.

धूर बघायला एक माणूस मागे उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाहीये, आणि गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जळतंय, म्हणजे हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. थंड हवेत सुरुवातीला थोडी वाफ दिसते ती वेगळी, ती लगेच जाते. ऑइलची काडी काढून बघा, पातळी किती आहे आणि ऑइल डांबरासारखं झालंय का. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून कॉफीच्या फेसासारखं काही चिकटलं असेल तर पाणी मिसळतंय असा संशय धरा, फक्त लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत दवामुळेही थोडं दिसतं त्यामुळे कूलंटची टाकी पण बघून मगच मत बनवा. कूलंट स्वच्छ रंगाचं हवं, गंजलेलं तपकिरी किंवा तेलाचे तवंग असलेलं नको. आणि गरम इंजिनावर कूलंटच्या टाकीचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

बॉडीकडे बघताना गाडीच्या एका टोकाला खाली बसा आणि बाजूने नजर लांबवर टाका, लाटा दिसल्या तर पुट्टी भरलीय. दार आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. फेंडरच्या आणि बॉनेटच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे ते कधीतरी काढलेलं आहे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर फार बरं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो, एखाद्या दारावर ३०० किंवा त्याहून जास्त आलं तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय. रंगकाम झालं म्हणजे गाडी वाईट असं अजिबात नाही, पार्किंगमधला ओरखडा सगळ्यांनाच लागतो, पण छत, खांब किंवा डिक्कीखालचा पत्रा यांच्यावर काम दिसलं तर अपघात मोठा होता. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, तिथे सहसा कुणी धूत नाही. मॅट उचला, स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा, कुबट वास येतोय का बघा. बुडालेली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा, वायरिंगचे जोड वर्षभर एकेक करून गंजत राहतात आणि ते काम कागदावर लिहिताच येत नाही.

टायर खूप काही सांगतात. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. गाडी २०१९ ची आणि मीटर ३०,००० दाखवतंय पण टायर २०२३ चे, तर मग पहिले टायर एवढ्यात कसे संपले? विचारा. नक्षीच्या खाचेत मधेमधे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. एकाच कडेने झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनमध्ये काहीतरी आहे, टायर आणि हे काम दोन्ही कागदावर लिहा.

मीटर खरं आहे का ते आतून पण कळतं. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगची दहा-दोनची जागा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड. ४०,००० किलोमीटरच्या गाडीत पॅडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. आणि उलट, जास्त रनिंगला घाबरू नका! मोकळ्या रस्त्यावर, वेळच्या वेळी ऑइल बदलत दीड लाख चाललेली गाडी ही शहरातल्या गर्दीत ५०,००० चाललेल्या, सर्व्हिस चुकवलेल्या गाडीपेक्षा मला कधीही चालेल.

एक छोटं ओबीडी टू स्कॅनर घ्या, ब्लूटूथवाला, गाडीच्या सॉकेटमध्ये लावून तिच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड फोनवर वाचता येतात. अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना हा सॉकेट सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोलला २००१ पासून, त्यामुळे बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली तो सापडतो. एरर कोड तर वाचाच, पण खरी गंमत पुढे आहे, ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचा भाग असतो, गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्यात ते तो दाखवतो. कुणी नुकतेच कोड पुसले असतील किंवा बॅटरी काढून लावली असेल तर ते मॉनिटर अपूर्ण दिसतात आणि काही दिवस नीट चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. एकही कोड नाही पण अर्धे मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं की विचारायचं, बॅटरी नवीन टाकली का? नाही म्हणाले तर इंजिनचा दिवा कालच विझवलाय असं समजा.

टेस्ट ड्राइव्ह कोपऱ्यापर्यंत जाऊन येण्याची नको, अर्धा तास हवी, रेडिओ बंद, काचा खाली आणि नंतर वर. क्लच बघायला वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही तर क्लच घसरतोय. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट. वेगासोबत वाढणारी घूं घूं म्हणजे बहुधा व्हील बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली थरथरलं तर डिस्क, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा अलाइनमेंट. खड्ड्यांवरून मुद्दाम न्या, ठक ठक आवाज बुशचा, लिंकचा की शॉकॲबसॉर्बरचा हे मेकॅनिक सांगेल, आपण फक्त लिहायचं. एसी, काचा, वायपर, सगळी बटणं एकदा दाबून बघा.

ऑटोमॅटिक असेल तर थंड आणि गरम दोन्ही अवस्थेत डी (पुढे) आणि आर (मागे) मध्ये टाकून बघा, धक्का किंवा दोन सेकंदांचा विचार नको. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं हे विचारलं की "ते लाइफटाइम असतं" असं उत्तर येतं, त्यावर समाधान मानू नका, खासकरून सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअरऐवजी बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक). जुनं ऑइल हेच गिअरबॉक्स लवकर जाण्याचं मोठं कारण असतं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाची कामं नाहीत पण सगळा खेळ बॅटरीचा, तिची शिल्लक क्षमता किती टक्के आहे त्याचा रिपोर्ट मागा आणि बॅटरीची वॉरंटी, बऱ्याच कंपन्यांची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, त्यातली किती उरलीय ते बघा. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये बॅटरी थंड ठेवायची सोय नव्हती आणि गरम हवेत त्यांची क्षमता लवकर उतरली, म्हणजे तिथेही मॉडेल आणि वर्ष पाहिजेच.

आता तो कागद काढा. समजा पहिल्या गाडीची किंमत १०० मानली, रेकॉर्ड काही नाही, बेल्टचं माहीत नाही म्हणजे बदलायलाच हवा, टायर सात वर्षांचे, क्लच घसरतोय, बॅटरी जुनी. मेकॅनिककडून भाव घेतले आणि समजा बेल्ट-वॉटरपंप ६, टायर ८, क्लच ९, बॅटरी-ब्रेक-ऑइल मिळून ५ आलं. झाली १२८. दुसरी गाडी ११५ ला आहे, बिलांची फाइल आहे, बेल्ट गेल्या वर्षी बदललाय, टायर दोन वर्षांचे, फक्त ब्रेक आणि ऑइल ३, म्हणजे ११८. बघायला गेलं तर पहिली १५ ने स्वस्त होती, प्रत्यक्षात १० ने महाग निघाली. आणि पहिल्याच गाडीवर मन बसलं असेल तर हाच कागद विकणाऱ्यापुढे ठेवा, शांतपणे, एकेक ओळ दाखवत. "कमी करा ना" पेक्षा "टायर बदलावे लागणार, हा बघा भाव" याला लोक जास्त ऐकतात. यात विमा, टॅक्स आणि वर्षाचं इंधन दोन्ही गाड्यांसाठी वेगळं लिहा, विम्याचा भाव घेण्याआधीच विचारून ठेवा कारण एकाच किमतीच्या दोन गाड्यांत त्यात बराच फरक पडू शकतो.

सगळं जमलं की शेवटी विकणाऱ्याशी काही संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. खालचा गंज, ऑइलची गळती, वाकलेला सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा), हे आपल्याला वरून कधीच दिसणार नाही. त्याची फी द्यायला जीवावर येतं पण द्या. विकणारा लिफ्टवर न्यायलाच नाही म्हणाला तर तिथून निघा, कारण काहीही असो.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि गरज असेल तर कूलंट बदलून घ्या, आधीच्या माणसाने कालच बदललं असं सांगितलं तरी बिल नसेल तर बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. टायमिंग बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये बघा, मॉडेलप्रमाणे साधारण ६०,००० ते दीड लाख किलोमीटर, आणि सोबत वर्षांची मर्यादा पण असते, गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. बदलून झाला की तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर बेल्टच्या कव्हरवर चिकटवा आणि बिल फाइलला लावा. माझ्या आत्ताच्या गाडीत ते स्टिकर बॉनेट उघडल्या उघडल्या समोर दिसतं, उद्या कुणी ही गाडी बघायला आलं आणि विचारलं की बेल्ट कधी बदललाय, तर त्याला मी ते बोटाने दाखवू शकतो.